बिननावाची गाणी

सोलापूर, गुरुवार

प्रिय काव्या,

तुझा मेसेज शेजारच्या वैष्णवीने वाचून दाखवला. एक मिनिटाचा आवाज असला तरी पुरेल, असं लिहिलंयस. तुझ्या ऑफिसातला कोण तो मुलगा तुझ्या बापाचा एवढासा आवाज कॉम्प्युटरला ऐकवणार, आणि मग कॉम्प्युटर त्याच्याकडून पाहिजे ते गाणं म्हणवून घेणार. मेलेल्या माणसाला पंधरा वर्षांनी नवीन गाणी शिकवायची म्हणजे कमालच की. बसूला जिवंतपणी दुसरं कडवं पाठ होत नव्हतं, तळहातावर लिहून स्टेजवर जायचा आणि घामाने ते पुसलं की पहिलंच पुन्हा म्हणायचा. मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, आईने पप्पांच्या गाण्यांचं ते मेमरी कार्ड मोडलं नसतं तर आज ही वेळ आली नसती. वैष्णवीने ते वाक्य जरा दबक्या आवाजात वाचलं. फोनवर सांगायला गेले तर तू मधेच बोलतेस, म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच.

इथलं बरं चाललंय. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, त्यामुळे गणवेशाची काज-बटणं ढिगाने आलीत. हात सुईला आणि कान गाण्याला, असाच माझा जन्म गेला. तुझे आजोबा महादेवप्पा म्हणायचे, हिला जेवायला नाही दिलं तर चालेल, रेडिओचे सेल संपता कामा नयेत. पण आता ऐकावं असं काय राहिलंय ते मला सांग. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागते. पोरं गायच्या आधी रडतात, परीक्षक गाऊन झाल्यावर रडतात, मधलं गाणं कसं झालं ते कोणी बोलत नाही. वैष्णवी भांडी घासताना मोबाइलवर एकाच गाण्याचा पाव तुकडा वीस वेळा लावते. पुढं काय होतं गं त्या गाण्यात, म्हणून विचारलं तर तिला ठाऊक नाही. रीलमध्ये तेवढंच येतं म्हणे. परवा सात रस्त्याच्या चौकात एक वरात अडली होती. डीजेने माझ्या छातीतलं पाणी हललं. शंभर माणसं नाचत होती, पण गाणारा माणूस कुठंच दिसेना. कुणाचा तरी आवाज डब्यात कोंडून आणलेला.

तुझा बाप लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायचा, तेव्हा गाणारा समोर दिसायचा. चंदेरी कोट घालून, मांडवाच्या खांबाला टेकून, पाहुण्यांच्या फर्माइशी ऐकत उभा. आवाज बरा होता त्याचा, लई थोर नव्हता. मी आई आहे म्हणून खोटं सांगणार नाही. वरच्या पट्टीत गेला की नाकात जायचा. लग्नाचे दिवस सोडले तर आपल्या मोबाइलच्या दुकानात बसायचा. 'मोबाइलमध्ये गाणी भरून मिळतील' अशी पाटी होती, आणि पाटीखाली तुझी आई. बसू गप्पा मारायचा, रेश्मा गाणी भरायची. गिऱ्हाइकाला काय आवडेल ते तिला तोंडाकडे बघून कळायचं. हे मी तुला आधी कधी सांगितलं नव्हतं. तिचं चांगलं सांगायची मला सवय नव्हती.

अक्कलकोटच्या लग्नातून परत येताना तो गेला, तेव्हा तू चार वर्षांची होतीस. त्यानंतर साधारण वर्षाने, मी दारात बटणं लावत बसले होते आणि गल्लीच्या तोंडाशी बसू बोलला. सुई बोटात गेली. पुन्हा बोलला. "लोखंड, पत्रा, पितळ, बंद पडलेला पंखा, बिघडलेला टीव्ही, द्या, आहे तसं द्या." पंखा म्हणताना त्याने अशी तान घेतली होती, की ऑर्केस्ट्रात कधी घेतली नसेल. भंगारवाल्याचा टेम्पो होता. वर भोंगा, भोंग्यात कार्ड, कार्डात माझा मुलगा. दुकानात असताना कुणा भंगारवाल्याला त्याने हौसेने भरून दिलं असणार, आणि एकाच्या कार्डावरून दुसऱ्याने उतरवून घेतलं असणार. आपल्या गल्लीत येणारा मल्लेश म्हणाला, आज्जी, मी भोंगा कार्डासकटच घेतलाय, कोण बोलतंय ते मला काय माहीत.

मी त्याला काही सांगितलं नाही. पण टेम्पो दारात थांबावा म्हणून रोज काहीतरी द्यायला लागले. आधी जळका मिक्सर दिला, मग इस्त्री, मग गळकी घागर. नंतर न गळणारी पण दिली. मल्लेश वजन करेपर्यंत भोंगा चालू राहायचा, तेवढं मला पुरायचं. तुला आठवत असेल, पितळेचा डबा कुठं गेला म्हणून तू घर शोधलं होतंस. तो बापाला ऐकण्यात गेला. तूही त्याला ऐकलंयस, काव्या. दहावीच्या सुट्टीत तू कान झाकून ओरडली होतीस, ह्या भंगारवाल्याचं तोंड कोणीतरी बंद करा म्हणून. मी तेव्हा दोऱ्याला गाठ मारत होते. ती गाठ चार वेळा मारली. बापाचा आवाज आहे म्हटलं असतं, तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास.

त्या भोंग्यात आणखी एक आहे. टीव्ही झाला, द्या द्या झालं, की मागून एक बाई म्हणते, "अहो, चहा गार होतोय." मग खट्‌ होतं आणि पुन्हा लोखंडापासून सुरू. ती तुझी आई. रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला कळलं नसणार, आणि ते कापायचं बसूच्या डोक्यात आलं नसणार. तेव्हापासून ती त्याला चहाला बोलावते आणि तो पुन्हा पत्र्याकडे वळतो, दिवसातून हजार वेळा, ह्या गल्लीतून त्या गल्लीत. मी भुताखेतांना मानत नाही. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, नई जिंदगी भागात एकदा बाजाराला गेले होते, तिथंही तेच ऐकू आलं, टेम्पो दुसराच. पिशवी घेऊन उभी राहिले. एकाच वेळी शहरात किती ठिकाणी तो चहा गार होत असेल, कोण जाणे.

मागच्या महिन्यात मल्लेशने भोंगा बदलला. आता मोबाइलमधली एक बाई बोलते, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. मी जुनं कार्ड मागितलं. काय करणार आज्जी, म्हणाला, पण दिलं. ते ह्या कागदासोबत आहे. नखाएवढं आहे, हरवेल म्हणून खाकी कापडाच्या तुकड्यात घालून चारी बाजूंनी शिवलंय. कात्री जपून लाव. तुला एक मिनिट पाहिजे होतं, बावन्न सेकंद आहेत. वैष्णवीने मोजले. कॉम्प्युटरकडून त्याला काय गायला लावायचं ते तू बघ. मी त्यात पडत नाही. एवढंच वाटतं, की तो सुरात गायला लागला तर मला ओळखू येणार नाही.

हे कार्ड तुझ्या आईने पण ऐकलंय. मंगळवारी ती मंद्रूपहून आली होती, ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी घेऊन. दरवर्षी येते. तू इथं असताना दारातूनच पिशवी देऊन जायची, कारण ती आली की तू मैत्रिणीकडे निघून जायचीस. अकरा वर्षांची होतीस तेव्हापासून तू मंद्रूपला पाऊल टाकलं नाहीस. मी लहान स्पीकरवर कार्ड लावलं. पहिल्यांदा ऐकून ती हसली, चहा खरंच गार झाला होता म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकताना खाली बसली. तुझा मेसेज आल्याचं मी सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट सांगितलं. वाटलं, आता तरी चिडेल. ती नुसती पिठाच्या पिशवीची गाठ सोडत राहिली.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. बसूचं कार्ड तुझ्या आईने मोडलं नाही. ते माझ्या स्पीकरमध्ये होतं. तो गेल्यावर आपलं दुकान बंद पडलं होतं, म्हणून चार महिन्यांनी मी ते चन्नवीरच्या मोबाइल दुकानात नेलं, बटणं लावताना ऐकायला नवी गाणी भरून आणावीत म्हणून. तो म्हणाला, जागा नाही, काहीतरी काढावं लागेल, ह्यात वीस-पंचवीस गाण्यांना नाव नाही, नुसते नंबर आहेत. मी म्हटलं, बिननावाचं काय ठेवायचं, काढ. ते सगळं बसू होता. तुला झोपवताना म्हटलेलं, आंघोळ घालताना म्हटलेलं, एकात तू त्याला शिव्या देत होतीस. दोन दिवसांनी रेश्माने शोधलं तेव्हा मला कळलं, आणि मी काय केलं ते तिला कळू नये म्हणून कार्ड माझ्या हातांनी मोडून नालीत टाकलं. पुढं तिने मंद्रूपला लग्न करून दुसरं घर केलं. तू सहा वर्षांची, आज इथं तर उद्या तिथं. अकरा वर्षांची झाल्यावर तू विचारलंस, पप्पांचा आवाज कुठाय. तू तिकडेच राहायला जाशील ह्याची मला धास्ती होती. म्हणून सांगितलं, ते कार्ड तुझ्या आईने जाताना मोडलं. तू गेली नाहीस. मंगळवारी मी हे रेश्माला सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "अत्या, चन्नवीरने मला तेव्हाच सांगितलं होतं. पोरीला बाप नाही, मी दुसऱ्या घरी. तुमच्यावरून पण तिचं मन उडालं असतं तर तिला कोण राहिलं असतं?" आठ वर्षं दारातून पिशवी देऊन गेली ती, हे माहीत असून. तिला सांगितलंय की मी तुला लिहिणार. नको म्हणाली. मी तिचं कधी ऐकलं नाही, हेही ऐकत नाही. वाचून झाल्यावर मला फोन केला नाहीस तरी चालेल, मी समजून घेईन. पण तिला कर. दुपारी दोननंतर कर, तोवर ती शेतात असते. तिचा नंबर तू पुसून टाकला असशील, मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

तुझीच, म्हणजे तू ठेवलीस तर,
चन्नम्मा आज्जी