अस्वलांसाठी दिलेली एक सही रद्द होऊन तसा कागद मिळण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
नागरिक-पुढाकार सह्या नोंद कक्ष,
युरोपीय संघ, ब्रसेल्स.

अर्जदार: ओतिलिया ब्रादेआ, वय ३१, भूगोलाची पदवीधर, मु. पोयाना सेआका, रोमानिया.

विषय: ‘जंगल अस्वलाचंही’ या नागरिक-पुढाकाराला मी अकरा वर्षांपूर्वी दिलेली सही रद्द करून तसा शिक्क्याचा कागद टपालाने मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा अर्ज, दि. २ डिसेंबर. २) आपले उत्तर, दि. १५ जानेवारी.

महोदय,

१. आपले उत्तर मिळाले. ते सभ्य आहे आणि आमच्याच भाषेत आहे, याबद्दल आभार. आपण कळवता की पुढाकार दाखल झाल्यावर महिनाभरात सगळ्या सह्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या गेल्या, सबब त्यांतली एक रद्द करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. लोकांची नावं भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून हा नियम आहे, हे मला समजतं. हेच उत्तर माझ्या नवऱ्याने, रेमुसने, गावच्या गुत्त्यात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. मग निकिफोर म्हणाला, “सह्या जाळल्या. अस्वलं ठेवली. बरं आहे की.” आणि दाराला अडसर म्हणून लावतात तो दांडा उचलून त्याने रेमुसच्या तोंडावर घातला. जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन दात गेले. रेमुस सध्या नळीने सूप पितो आणि त्याला काही सांगायचं असेल तर पाटीवर लिहितो. म्हणून हा दुसरा अर्ज मी एकटीने लिहीत आहे.

२. निकिफोर हा पार्तेनिएकाकांचा धाकटा भाऊ. पार्तेनिएकाका आमचे शेजारी, मेंढपाळ, वय ६३. दिनांक १४ ऑक्टोबर रोजी सकाळी सव्वानऊ वाजता त्यांच्या आणि आमच्या परसाच्या मधल्या उतारावर अस्वलाने त्यांना धरलं. मी कपडे वाळत घालत होते, अंतर साधारण तीस पावलं. पहिल्या फटक्यात डोक्याची कातडी कपाळापासून मागे गेली, टोपी सरकावी तशी. काका तरीही उठून बसले आणि हाताने ती पुढे ओढून बसवायला लागले. दुसऱ्या वेळी अस्वलाने त्यांना मांडीला धरून ओढलं. मी आपत्कालीन क्रमांकाला फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, “अस्वल आक्रमक वाटतंय का?” मी म्हटलं, “माणूस खातंय.” तो म्हणाला, “बाई, मला रकाना भरायचाय. आक्रमक, जिज्ञासू की वाट चुकलेलं?” मी म्हटलं, आक्रमक लिहा. तो म्हणाला, “ओरडू नका, त्याला त्रास होतो.” त्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही.

३. आमच्याकडच्या नियमाप्रमाणे अशा वेळी सरपंच, पोलीस, पशुवैद्य आणि शिकारी या चौघांनी एकत्र यायचं असतं. आधी अस्वलाला हुसकायचं, नाही गेलं तर भूल द्यायची, तेही जमलं नाही तर गोळी घालायची, आणि प्रत्येक पायरीवर चौघांनी सह्या करायच्या. हा क्रम संघाच्या निर्देशावरून आला आहे. मी निर्देश मुळातून वाचला आहे. दुसरा कोणताही समाधानकारक पर्याय उरला नसेल तरच, असे त्याचे शब्द आहेत. शिकारी बंदूक घेऊन अकरा मिनिटांत आला. पोलीस आणि सरपंच वीस मिनिटांत. पशुवैद्य पलीकडच्या खोऱ्यात गाईचं वासरू आडवं आलं होतं म्हणून तिकडे होता. सावेताकाकू, म्हणजे पार्तेनिएकाकांची बायको, शिकाऱ्याच्या पायांशी बसून म्हणत होती, “मार की रे, मार. बंदूक काय लोणी घुसळायला आणलीस?” तो रडत होता. म्हणत होता, “चौथी सही नाही, काकू. लायसन जाईल. पोरं आहेत मला.” काका तोवर जिवंत होते. त्यांचा आवाज येत होता, पुढे पुढे तो माणसाचा वाटत नव्हता. पशुवैद्य आला तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती. अस्वल एव्हाना आपल्या पायांनी निघून गेलं होतं. अहवालात ‘हुसकावण्याची पायरी यशस्वी’ अशी नोंद आहे. प्रत जोडली आहे.

४. आपल्या उत्तरात आपण विचारता की गावाने प्रतिबंधक उपाय केले होते का. खरं लिहिते. केले नव्हते. ऑक्टोबरात आमच्याकडे घरोघर आलुबुखारांची दारू गाळतात आणि भट्टीतून उरलेला आंबलेला चोथा मागच्या उतारावर ओततात. ओढ्याकडे वाहून जातो, कुणाला त्रास नाही, असं सगळे मानतात. अस्वलाला त्याचा वास दोन डोंगरांपलीकडून येतो. मी हे लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून सांगते आहे. चोथा खड्ड्यात पुरू, वर चुना टाकू. सासूबाई म्हणतात, “तुझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं इथंच ओतला, आणि तू शिकवणार?” काका मेले त्या सकाळी उतारावर जो चोथा होता तो आमचा होता. सावेताकाकूला हे ठाऊक आहे. तिचा चोथा त्याच्या शेजारीच होता, हे मलाही ठाऊक आहे. यावर आम्ही दोघी बोललेलो नाही. आपल्या माहितीपत्रकात अस्वल हिवाळाभर झोपतं असं छापलं आहे. आमचं यंदा झोपलेलं नाही. त्याला खायला मिळतं आहे.

५. आता सहीबद्दल. मी तेव्हा क्लुजला शिकत होते, वय वीस. दहा लाख नागरिकांनी सात देशांतून सह्या दिल्या तर संघाला त्या विषयाचा विचार करावाच लागतो, हे मला फार मोठं वाटलं होतं. अजूनही वाटतं. आपल्यासारख्या पोरीचं ब्रसेल्स ऐकतं, असं मी घरी फोन करून सांगितलं होतं. मी नुसती सही केली नाही, वसतिगृहात दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, हातात पाटी, पाटीवर अस्वलाच्या पिल्लाचं चित्र. पुढे लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी तो कापून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात लावला. “आमची सून पेपरात आलीय,” असं म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो दाखवायच्या. सबब माझी सही गावात कुणी शोधून काढलेली नाही. आमच्या घरात कॉफी प्यायलेल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. काकांच्या दफनानंतर चर्चच्या दारात सावेताकाकू सगळ्यांदेखत माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, “तुझं नाव तिथं आहे. काढून आण.”

६. पुढील मजकूर मी गावात कुणाला सांगितलेला नाही, नवऱ्यालाही नाही. पुढाकाराच्या ग्राह्य सह्या १०,००,०३१ होत्या. हा आकडा आपल्याच संकेतस्थळावर आहे. मी गोळा केलेल्या सह्या, माझी धरून, सत्तेचाळीस होत्या आणि सगळ्या ग्राह्य ठरल्या, कारण मी ओळखपत्रांचे क्रमांक स्वतः ताडून पाहिले होते. मी तशीच आहे. सत्तेचाळीस वजा केल्या तर ९,९९,९८४ उरतात. दहा लाख भरत नाहीत. मग विचार होत नाही, निर्देश कडक होत नाही, आणि कदाचित शिकाऱ्याला चौथ्या सहीची वाट पाहावी लागत नाही. कदाचित हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. त्या सत्तेचाळिसांतली शेवटची सही पार्तेनिएकाकांची होती. माझं माहेर याच गावातलं, ईस्टरला मी कोरा कागद घरी नेला होता. ते सणाच्या रिवाजाप्रमाणे लाल अंडी फोडायला आले होते, दोन पेले झाले होते. म्हणाले, “आण इकडे, पोरी. माझ्या दर वर्षी दोन मेंढ्या नेतं, ओळखीचं आहे ते. त्याच्यासाठी सही नको करू?” आणि हसत सही केली. सावेताकाकू तेव्हा शेजारच्या खोलीत होती.

७. आता मूळ तक्रार. गावातल्या काही पुरुषांनी अस्वलाच्या वाटेवर तारेचे फास लावले आहेत. अस्वलाची वाट म्हणजे बीच झाडांच्या रानातून आमच्या मागच्या उताराकडे येणारी पायवाट. तीच शाळेची वाट आहे. आमचं घर शेवटचं, त्यामुळे तिच्यावरून जाणारं मूल एकच, माझी मुलगी इलिंका, वय सात. गाडीरस्ता बर्फाने बंद आहे. घरी ठेवली तर गैरहजेरीची नोटीस येते, एक आली आहे. पोलिसांनी दोन फास काढले, दुसऱ्या दिवशी तिथे तीन होते. असे फास निर्देशानुसार बेकायदेशीर आहेत. ते कलम मला विशेष आवडलं होतं. गुत्त्यात ठरलं आहे की ब्रसेल्सहून माझं नाव काढल्याचा कागद येईल, त्या दिवशी सगळे फास निघतील. मला बघून म्हणतात, “काय ब्रसेल्सवाली, आला का कागद?” रेमुस कागद समजून जे वाचायला गेला त्याचं काय झालं ते वर लिहिलं आहे. जानेवारीअखेर आमचा कुत्रा सापडला. तार कमरेत रुतून आत हाडापर्यंत गेली होती. रेमुसने कुऱ्हाडीच्या पाठीने त्याला सोडवलं, म्हणजे संपवलं. इलिंकाला आम्ही कुत्रा मावशीकडे पाठवला असं सांगितलं.

८. ऑक्टोबरपासून मी रोज इलिंकाच्या मागे वीस पावलांवर चालते. हातात पातेल्याचं झाकण आणि लोखंडी पळी असते, वाजवायला. दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सकाळी सात चाळीसला ती पुढे पळाली. कारण विचाराल तर खार दिसली म्हणून. मी थांब म्हणण्याआधी फासासाठी वाकवून बांधलेलं झाड सरळ झालं आणि ती पायाने वर गेली. उलटी लटकली. दप्तर आधी पडलं. ती ओरडली नाही, तिने फक्त “आई” असं नेहमीच्या आवाजात म्हटलं, पेन्सिल सापडत नसली की म्हणते तसं. मग पाय बुटातून निसटला आणि ती डोक्यावर पडली. बूट दोन नंबर मोठे घेतले होते, दोन हिवाळे जावेत म्हणून. नेमक्या मापाचे घेतले असते तर घोटा राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मनगट मोडलं आहे, पुढचा दात गेला आहे, कपाळाला नऊ टाके आहेत. बूट वर तसाच हलत होता.

९. निकिफोर झाडांआडून बाहेर आला. फासावर नजर ठेवून बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, “तिच्यासाठी नव्हता तो.” मी त्याला पळीने मारलं. तोंडावर, कानावर, खाली बसला तेव्हा डोक्यावर. मला सगळं मोजायची सवय आहे, पण हे मी मोजलेलं नाही. त्याने हात वर केला नाही. पळीचा दांडा वाकला तेव्हा मी थांबले. त्याचा एक डोळा अजून उघडत नाही. उघडेल का, डॉक्टर सांगत नाहीत. नंतर तो रक्त थुंकत म्हणाला, “माझे चार आहेत, ते आजच काढतो. बाकीचे सात माझे नाहीत. कुठे आहेत तेही धड ठाऊक नाही. ज्यांचे आहेत त्यांना कागदच पाहिजे, ओतिलिया.” चार त्याने काढले. एका डोळ्याने काढले. माझ्याविरुद्ध त्याने तक्रार दिलेली नाही. दिली तर मी नाकारणार नाही.

१०. सात उरले आहेत. शाळा सोमवारी आहे.

११. अस्वलांविषयी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. हे लिहिणं माझ्या सोयीचं नाही, पण मागच्या अर्जात मी तसं भासवलं होतं, ते दुरुस्त करते. एक अस्वल मारलं जावं, सगळी नाही. चोथा पुरला जावा. चौथी सही लागू नये. या तिन्ही गोष्टी आपल्या कक्षाच्या अखत्यारीत नाहीत, हे मी जाणते. सही रद्द करणंही नाही, हे आपण कळवलं आहे. नष्ट झालेली वस्तू रद्द करता येत नाही, हे बरोबर आहे. सबब मी मूळ मागणी सोडते आणि पुढील एवढीच विनंती करते.

संघाच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर एक ओळ लिहावी: ‘ओतिलिया ब्रादेआ हिचे नाव यादीत नाही.’ हे खोटं नाही. यादीच नाही, तर तिच्यात माझं नाव नाही. ‘नष्ट’ हा शब्द कृपया वापरू नये. शिक्का गोल आणि निळा असावा, आमच्याकडे त्याला मानतात. कुणी सरपंचामार्फत इतर नावांची चौकशी केली तर पार्तेनिए हे नाव कोणत्याही कागदावर येऊ देऊ नये. त्यांच्या बायकोजवळ आता तेवढाच नवरा उरला आहे, ज्याने सही केली नव्हती.

कागद साध्या टपालाने पाठवू नये, तीन आठवडे लागतात. तो येईपर्यंत मी इलिंकाच्या मागे न चालता पुढे चालणार आहे.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
ओतिलिया ब्रादेआ
पोयाना सेआका, दि. १९ फेब्रुवारी

सोबत:
१. आपल्या १५ जानेवारीच्या पत्राची छायाप्रत. मूळ पत्रावर रेमुसचं रक्त असल्याने ते पाठवलेलं नाही.
२. १४ ऑक्टोबरच्या अहवालाची प्रत, तीन सह्यांसह. चौथी नंतर घेतली आहे.
३. वर्तमानपत्राचं कात्रण, मूळ. सासूबाईंनी कपाटातून स्वतः काढून दिलं.
४. इलिंकाचा डावा बूट, तारेच्या खुणेसह. पाहून झाल्यावर कृपया परत पाठवावा. तो अजून तिला एक हिवाळा मोठा आहे.