पाठीवरचा डबा

वालूर,
१२ मे २०२५

प्रिय शिवादादा,

शरणु शरणार्थी. इकडे सगळे ठीक. तुम्ही दोघं अंदमानला जाताना अनूला माझ्याकडे ठेवून गेलात, ती मजेत आहे. तुझी जखम कशी आहे? वहिनी फोनवर म्हणाली, मासा मांडीच्या ‘जरा वर’ चावला आणि विमानात तू अख्खा रस्ता एका बाजूवर बसून आलास.

घरच्या ग्रुपवर तुझा फोटो आल्यापासून इथे कुणाला दुसरा विषय नाही. बसम्मा काकू म्हणाली, “सात पिढ्यांत आपल्या घरानं मासळी चाखली न्हाई, अन् तिनं आपला माणूस चाखला की.” आमच्या ह्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, इंजेक्शन मेव्हण्याला दिलं का माशाला? मी हसले, दादा. कणीक मळता मळता, एकटीच, पुन्हा पुन्हा. खोटं का सांगू, फार बरं वाटलं.

फोटो मी मोठा करून पाहिला. पाणी कमरेएवढं, आणि नारिंगी जाकिटाचे पट्टे तू गळ्यापर्यंत आवळलेले. मला आपल्या विहिरीवरचा तेलाचा रिकामा, तरंगणारा डबा आठवला. गावातली पोरं तो पाठीला बांधून पोहायला शिकायची आणि आठ दिवसांत सोडायची. तू तीन उन्हाळे सोडला नाहीस. तिसऱ्या उन्हाळ्यात दोरी सुटली, डबा वर राहिला आणि तू खाली गेलास. विहिरीवर मी एकटीच होते, बारा वर्षांची, लपूनछपून पोहायला शिकलेली. परकरासकट उडी मारली आणि तुझे केस धरून तुला पायरीला आणलं.

संध्याकाळी तू आप्पांना सांगितलंस, “राजी पोरांसंगं विहिरीत उड्या मारायलीय.”

माझी विहीर बंद झाली. जूनमध्ये शाळाही.

आता कामाचं. मासा चावल्यापासून तू अनूच्या पोहण्यावर बंदी घातलीस. चावला तुला, बंदी तिला. तर ऐक, तिने चौथ्या दिवशीच डबा सोडला. काल विहिरीच्या तळातून मूठभर गाळ घेऊन वर आली आणि धापा टाकत म्हणाली, “आत्या, पप्पांसारखं जमलं का?” तू रोज तळ गाठायचास, असं तूच तिला सांगितलंयस ना?

मी म्हटलं, जमलं.

सोबत परभणीच्या पोहण्याच्या निवड चाचणीचा फॉर्म आहे. पालकांच्या सहीची जागा मी पेन्सिलीने दाखवली आहे. महिनाअखेरपर्यंत सही होऊन आला नाही, तर तळाची खरी गोष्ट आधी अनूला सांगेन, मग ग्रुपवर, खास बसम्मा काकूसाठी. तेहतीस वर्षं मी ती कुणालाच सांगितलेली नाही.

नाववाला तुला म्हणाला होता ना, ती मादी होती, अंडी राखत होती, कुणी जवळ गेल्याशिवाय ती चावत नाही. तेवढं लक्षात ठेव.

जखमेला पाणी लागू देऊ नकोस.

तुझे केस अजून मुठीत धरून बसलेली,
राजी