आधी तुझं सुरू कर, मग माझं

सूनबाई,

आधी चहा ठेव, मग वाच. जमलं! तुला ऑफिसशी जोडणारं सॉफ्टवेअर आणि मला माझ्या ताईच्या घरच्या कॉम्प्युटरशी जोडणारं, दोन्ही सकाळपासून आपल्या एकाच कॉम्प्युटरवर गुण्यागोविंदानं नांदतायत!

इंटरनेटची सगळी ये-जा आपल्याच दारातून व्हावी म्हणून दोघं हटून बसली होती. आता तुझ्या सॉफ्टवेअरकडे फक्त ऑफिसचं काम आणि माझ्याकडच्याकडे फक्त ताईचं, अशी वाटणी करून दिलीय. त्याआधी दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. आवाज ऐकून शेजारच्या मास्तरीणबाई लाटणं घेऊन धावत आल्या. यातलं निम्मं खरं धर.

पथ्य एकच: आधी तुझं सुरू कर, मग माझं. उलट केलंस की रुसतात.

ताईबरोबरच्या माझ्या बुद्धिबळापायी साहेबांसमोर तुझी मीटिंग तुटली, तेव्हापासून तू नुसतं "असू द्या, बाबा" म्हणतेस. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असतेस तर बरं वाटलं असतं. मी पुन्हा डाव मांडला नाही, आणि तिकडे एकटी बसलेली ताई समजतेय की मी हरायला घाबरलो.

आज तुझी मोठी मीटिंग. धीर होत नसेल तर माझं बंदच ठेव, मी फुगून बसणार नाही. पण दोन्ही सुरू ठेवायचा धीर झालाच, तर खिडकीत लाल टॉवेल टाक. मी खाली समोरच्याच बाकावर आहे. गुडघे धरून बसणारा म्हातारा डाव मांडायला जिना कसा चढतो ते बघच!

बाबा