दोन पायांचे दोन बाक

मुआन, बुधवार

तीर्थरूप ताईस,

मालसुनचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या मनातल्या मनात, डॉक्टरांनी जमिनीवर बसायला अजून बंदी घातलीय.) इंचनला थंडी कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? तू पाठवलेलं बैलाच्या हाडांचं सार पोचलं. निम्मं ह्यांनीच संपवलं. ह्यांचं एकही हाड कापलेलं नाही, तरी.

डावा पाय सरळ झाला, त्याला आता चार महिने होतील. गुडघ्याखाली नडगीचं हाड कापून फट उघडली आणि पट्टी-स्क्रू बसवले. कांद्याच्या वाफ्यात उकिडवं बसून आपल्या बायकांचे पाय धनुष्यासारखे होतात, असं मी जन्मभर ऐकत आले. डॉक्टर मा (पोरगेलेसे आहेत, पण हात चांगला) म्हणाले, "मावशी, एकट्या कांद्याला दोष देऊ नका. हाडाचा घाट ज्याचा त्याचा असतो." मग त्यांनी दोन्ही पायांचे एक्स-रे लावून खुब्यापासून घोट्यापर्यंत रेघ ओढली. डावीकडचा बाक सगळा नडगीत होता. उजवीकडचा निम्मा मांडीच्या हाडात निघाला. तो सगळा नडगीतच काढला तर पाय सरळ दिसेल, पण गुडघ्याचा सांधा तिरका होईल म्हणे. हे पडले सुतार, लगेच म्हणाले, "चौकट कललेली असताना नुसतं दार तासलं तर दार लागतं, पण बिजागरी रडते." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. तेव्हापासून ह्यांच्याशी बोलायची सोय उरलेली नाही.

मला मात्र नाद लागला. एकाच बाईचे दोन पाय दोन तऱ्हेचे, तर गावाचं काय असेल? म्हाताऱ्यांच्या बैठकघरात मी सगळ्याजणींना घोटे जुळवून भिंतीशी उभं केलं आणि (एका हातात काठी धरून) प्रत्येकीच्या गुडघ्यांमध्ये कांदा अडकवून पाहिला. मोजपट्टी नव्हती, कांदे होते. गावप्रमुखाची बायको ओक-नाम, जी सरळ पायांच्या तोऱ्यावर साठीतही आखूड विजार घालते, तिच्या गुडघ्यांतही मधल्या आकाराचा कांदा घट्ट बसला. म्हणाली, "कांदाच बारीक आहे." मी म्हटलं, "बारीक असता तर खाली पडला असता." ती तरातरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी मागच्या दाराने एकटीच आली. "माझा बाक कुठल्या हाडात असेल गं?" बाहेरून कळत नाही, एक्स-रे काढावा लागतो, मी म्हटल्यावर पायरीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. सात वर्षं गुडघे दुखतायत तिचे. कुणाला बोलली नव्हती. मग दोघींनी मिळून दवाखान्यात फोन लावला.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
मालसुन

ता.क. आपल्या घरात फक्त तुझे पाय सरळ, असं आई म्हणायची. लग्नाच्या फोटोत घागऱ्यामुळे काहीच दिसत नाही. तुझा खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे असेल तर पाठव. डॉक्टरांना हवा आहे.

ता.क. डॉक्टरांनी मागितलेला नाही. मलाच बघायचाय.

ता.क. उजव्या पायाची शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी आहे. या वेळी दोन हाडं कापणार. तुला कळवू नका असं मीच ह्यांना बजावलंय, तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. गावात सांगून ठेवलंय की मला भीती नाही, नुसतं कुतूहल आहे. एक्स-रे राहू दे. सोमवारी संध्याकाळपर्यंत ये.