निऱ्या कोणाच्या

२५ ऑगस्ट, सोमवार
चैत्रापासून वहीत एक ओळ नाही. उशिराबद्दल माफी. कोणाची मागतो तेही कळत नाही, वही माझीच. माझ्या बायकोला, शालूला, लकवा झाला, तिचा उजवा हात गेला, तेव्हापासून लिहायचं सुचलंच नाही.
रविवारी महालक्ष्म्या यायच्या. उभ्या कोण करणार? शालू म्हणते, "तुमी." शहराबाहेर उरल्याच्या लोखंड-मिलमध्ये मी फिटर होतो. देवींचे दोन्ही लोखंडी स्टँड मीच वेल्डिंग करून बनवलेत. पण साडी कधी नेसवली नाही.

२८, गुरुवार
सराव केला. शालू खाटेवरून हसली. "पदर उजव्या खांद्यावर? देवी गुजरातहून आली काय?"
मी समोर उभा राहून नेसवत होतो. माझा डावा तो तिचा उजवा.
"आधी सोताले नेसून पाहा, मंग समजन."
दार लावून घेतलं. पँटवरच नेसलो. पाऊल आपोआप आखूड पडलं. एक हात निऱ्या सावरायला गेला. बसलो तर गुडघे जुळलेले.
मग आठवलं. वडील म्हणायचे, "पोट्टीवानी रडतं काहून? छाती काढून चाल." मिलमध्ये पहिल्या दिवशी शिवी तोंडातून निघेना, बाकीचे हसले. वर्षभरात बूट आपटत, शिव्या देत फिरायला लागलो. म्हणजे हे चालणं-बोलणं मलाही कोणीतरी नेसवलेलंच...
सातवी पास माणसानं एवढा विचार करू नये. बी.पी. वाढतं.

३०, शनिवार
निऱ्या परत सुटल्या. चिडून म्हटलं, "तुझ्या कशा बसायच्या दरवर्षी?"
शालू म्हणाली, "माह्या कुठच्या? मनोज घालत होता. बारा वर्षांचा होता तवापासून. तुमी सकाळपाळीले गेले, का आमी दोघं लागायचो."
मनोज. आमचं एकुलतं लेकरू. मागच्या वर्षी साडी नेसून समोर उभं राहिलं. म्हणालं, बाबा, मी मंजिरी आहे. मी म्हटलं, हे नाटक माझ्या घरात नको. त्याच दिवशी घर सोडून गेलं. नागपुरात नवरीमुलींना साड्या नेसवून देतं. शालूशी फोनवर बोलतं, माझ्याशी नाही.
इतकी वर्षं पाळीवरून आलो की आंघोळ करून त्या निऱ्यांपुढे डोकं टेकवायचो.

३१, रविवार
उभ्या राहिल्या. मुखवटे चढवले, नथ घातली, पदर डाव्या खांद्यावर. कनिष्ठेच्या निऱ्या जरा वाकड्याच. शेजारची नीरा दीदी दारातच थबकली, हात जोडून तिच्या इथल्या बोलीत म्हणाली, "देख तो, माता आ गे हे!"
खरंच आली. आत पाइप आहे, माझ्या वेल्डिंगचे डाग आहेत, सगळं मला ठाऊक. तरी अंगावर काटा. मागे सरकलो, वाटलं पाय लागेल. पाइप खरा की देवी? दोन्ही खरं दिसून राहिलं.
लेकराला नाटक म्हणालो होतो. मग हे काय? अन् माझं ते बूट आपटणं?

२ सप्टेंबर, मंगळवार
विसर्जन झालं. साड्या उतरवल्या. स्टँड उघडे पडले. तरी त्यांना हात लावायच्या आधी नमस्कार केला. रडू आलं. तोंड फिरवलं तर शालू म्हणाली, "रडा नं. कोणी काई म्हणत नाही."
मोबाइलवर एका बोटानं लिहिलं. चार वेळा पुसलं. पाठवलं ते असं:
"मंजिरी, आईनं सांगितलं, निऱ्या तुझ्या होत्या. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय केलं असतं, तेही सांगता येत नाही. मी बोललो ते चुकलं. या वर्षी मी नेसवल्या, कनिष्ठेच्या वाकड्या झाल्या. तू येऊन शिकव. साडी नेसूनच ये, स्टेशनवर घ्यायला मी येतो. मुखवटे अजून पेटीत ठेवले नाहीत. येशील की नाही, एवढं लवकर कळव."