खिडकी आणि यंत्र

१२ नोव्हेंबर
यंत्र आलं! पंचायतीच्या कचेरीतून जावईबापूंनी मागवलं. दोन दिवस खोलीत ठेवायचं म्हणे. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो – रंग नाही, वास नाही – आणि फुप्फुसं पोखरतो. आकडा एकशे अठ्ठेचाळीसच्या खाली आला तरच सुल-ही बाळंतपणाला येणार. माझीच लेक, माझ्याच घरी यायला अट घालते! ती आणि तिचा भाऊ याच खोलीत लोळत मोठे झाले. मग आजच काय झालं या जमिनीला?

१३ नोव्हेंबर
सरकारी पाहुणा म्हणून खोली झाडली, पुसली. छताला मेजू टांगलेत – सोयाबीनचे लाडू आंबायला लागले की वास डोक्यात जातो. यंत्राचं काही बिघडू नये म्हणून खिडकी सताड उघडून ठेवली. सोबत आलेला कागद बारीक अक्षरांचा. चष्मा सापडला नाही. मी शोधलाही नाही.

१४ नोव्हेंबर
नव्वद! फोनवर जावयाला दोनदा ऐकवलं. "बरं झालं, आई," एवढंच म्हणाले. स्वर जरा पडेल होता. मला काय, मी जिंकले.

६ डिसेंबर
मुलगी झाली. आज घरी आणली. नाक अगदी आमच्या घराण्याचं.
खिडकीला थंडी अडवणारं, हवेच्या बारीक फुग्यांचं प्लास्टिक लावून कडेनं टेप मारली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. जमिनीखालच्या नळ्यांतलं गरम पाणी वाढवून जमीन अशी तापवली की पाय ठेववेना. ओल्या बाळंतिणीला वारा लागला की तो हाडांत बसतो आणि जन्मभर छळतो. माझी थोरली बहीण बाळंतपणानंतर थंडीत कपडे धुवायला गेली, ती पुन्हा कधी ताठ उभी राहिली नाही. सुल-ही कुरकुरली, गुदमरतंय म्हणाली. मी बाळंतिणीला द्यायच्या समुद्री शेवाळाच्या सूपचा वाडगा पुढे केला. गप बसून प्यायली.

१५ डिसेंबर
शेजारची बोक-ये फाटकाशी येऊन गेली. बाळाला एकवीस दिवस झाल्याशिवाय परक्यानं आत यायचं नाही, हे तिला सांगावं लागत नाही. आता तेच यंत्र तिच्याकडे आहे. वैतागली होती. घर दोन दिवस बंद ठेवून नवरा-बायको भाऊबंदांकडे जाऊन राहिले. कचेरीतल्या पोरानं तिला बजावलं होतं म्हणे – "आजी, खिडकी उघडलीत तर यंत्र बाहेरची हवा मोजेल."
मी हसून काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

१६ डिसेंबर
यंत्र तिच्याकडून मागून आणलं. गोधड्यांच्या कपाटावर, पडद्याआड ठेवलंय. सुल-हीला कळलेलं नाही. बाळ त्याच्या खालीच झोपतं.

१७ डिसेंबर
तासातासाला आकडा वर. मी चहा ठेवते, येते, बघते. वर.

१८ डिसेंबर, पहाटे
चारशे तीस.
खिडकी उघडली तर लेकीच्या हाडांत वारा. नाही उघडली तर नातीच्या छातीत हे. वाऱ्यानं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. हे तर दिसतही नाही! आणि भीती मात्र याचीच वाटते. बाळ झोपेत खोकलं तर धावत जाऊन उचललं. खरं तर फक्त दूध अडकलं होतं.

१८ डिसेंबर, संध्याकाळ
सांगून टाकलं. सुल-ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाळाला उचलून उभी राहिली.
"आई, तेव्हा खिडकी का उघडी ठेवलीस?"
वासामुळे, म्हटलं. खरंच तेवढंच कारण होतं का? तिनं यावं असं मला इतकं वाटत होतं की कागद वाचायची छातीच झाली नाही.
जावईबापू दुपारीच गाडी घेऊन आले. त्यांचा नवा फ्लॅट अठराव्या मजल्यावर, जमिनीशी संबंधच नाही; तिथं बाळ सुरक्षित. यंत्रही घेऊन गेले – "एकदा मोजून घेतो, मग परत करतो." एकवीस दिवसही झाले नव्हते. बाळाचं तोंड मीच दुपट्यानं झाकलं.

१९ डिसेंबर
प्लास्टिक फाडून काढलं. घरात वारंच वारं. उरलेलं सूप एकटीनं संपवलं. रडले.

२१ डिसेंबर
जावयाचा फोन. दारं-खिडक्या बंद करून मोजलं त्यांनी. न्हाणीघरात आणि उंबऱ्यापाशी सगळा चकचकीत दगड बसवलाय, त्याच्यातूनच येतंय म्हणे. मी आकडा विचारला.
"सहाशे दहा."
माझ्या घरापेक्षा जास्त. आणि पोटात बाळ घेऊन पोरगी नऊ महिने तिथंच राहिली.
"आई, आम्ही परत येतोय," ते म्हणाले. "खिडक्या उघडून ठेवा."