'येते' म्हटलं म्हणून

आई,

मिसिसिपी नदीवरच्या बोटीतून तुला लिहिते आहे. लेक इकडे अमेरिकेत ॲन आर्बरला नोकरी करते, तिनं रजा काढून माझ्यासाठी ही आठवड्याची सफर ठरवली. हे गुडघ्यांमुळे पुण्यातच राहिले. बोट रोज एखाद्या गावाला लागते, माणसं उतरतात, गाव बघतात, परत चढतात. परवा आयोवातल्या एका लहानशा शहरात मी बोटीला मुकणार होते, आणि त्याला कारण तू. म्हणून तुलाच सांगायला हवं.

माझ्या मॅट्रिकच्या पहिल्या पेपरची सकाळ तुला आठवत असेल. 'आई, जाते गं,' असं ओरडून मी चपला घातल्या, तर तू हातात उलथनं घेऊन अंगणात आलीस. 'मागं फिर. बस. पाणी पी. आता नीट सांग.' बाहेर मैत्रीण सायकलची घंटी वाजवते आहे, पोळी करपल्याचा वास येतो आहे, आणि मी पाटावर बसून रडू दाबत पाणी पिते आहे. 'जाते म्हणणारं माणूस परत कशाला येईल?' तू म्हणालीस. 'येते,' मी पुटपुटले, तेव्हा कुठे तू दारातून बाजूला झालीस. त्यानंतर मी कुठूनही कधी 'गेले' नाही. सासरी निघतानासुद्धा येतेच म्हणाले, आणि तिकडची माणसं हसली.

तर परवा. सकाळी बसमधून गावाची फेरी झाली. लेकीला ऑफिसचा कॉल होता, ती धावत वर खोलीत गेली. मी बोटीच्या दारात पोचले आणि चटका बसल्यासारखं आठवलं, एवढी थोरली नदी, आणि हिची ओटी भरायची राहिली. तू कृष्णेची भरायचीस तशी. खण आणि तांदूळ मी पुण्याहून पर्समध्ये आणलेच होते. नारळ तेवढा हवा होता. तो पाण्याला लावायचा आणि परत आणायचा, वाया घालवायचा नाही, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. किराण्याचं दुकान बसमधून दिसलं होतं. मी वळले. दारात लाल दाढीचा एक धिप्पाड माणूस उभा होता. प्रवाशांची कार्डं वाचायचं यंत्र बिघडलेलं, म्हणून तो मान खाली घालून कोण आत, कोण बाहेर याच्या कागदावर खुणा करत होता. चढणारे आणि उतरणारे एकाच दारात. माझं कार्ड बघून त्यानं विचारलं, 'गोइंग ऑर कमिंग, मॅम?'

'कमिंग, कमिंग,' मी म्हटलं. निघताना म्हणतात तसं, हसून.

'वेलकम बॅक,' तो म्हणाला. मला वाटलं, किती गोड माणूस, आधीच स्वागत करून ठेवतो.

नारळ मिळाला. शेंडी नाही, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. किंमत सांगत नाही, तू वरून ओरडशील. परतताना फाटक पडलं. गाव आणि नदी यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आहेत, आणि त्यावर मालगाडी आली. धान्याचे डबे, मग तेलाच्या टाक्या, मग पुन्हा धान्याचे. इंजिन केव्हाच दिसेनासं झालं, तरी डबे येतच होते. मग धाडधाड आवाज करत ती सगळी गाडी थांबली. तशीच उभी राहिली. दोन डब्यांच्या फटीतून मला पलीकडची पांढरी बोट दिसत होती. तिनं भोंगा दिला. फोन खोलीत चार्जिंगला लावलेला. लेक समजत असणार, आई पोथी वाचत बसली असेल.

फाटकाशी थांबलेल्या एका मोटारीतून एक म्हातारी बाई डोकावली. 'दॅट युवर बोट, हनी?'

'येस, येस. आय ॲम कमिंग ओन्ली.'

'डोंट यू वरी,' ती म्हणाली. 'दे काउंट हेड्स. नोबडी गेट्स लेफ्ट.'

डोकी मोजतात. तेव्हा माझ्या डोक्यात 'वेलकम बॅक' वाजलं, आई. माझं डोकं मोजून झालेलं होतं. कागदावर मी बोटीत होते. कुणी माझी वाट बघणार नव्हतं.

दुसरा भोंगा झाला. नारळ छातीशी धरला, देवाचं नाव घेतलं आणि साडीचा ओचा वर खोचून मी दोन डब्यांमधल्या साखळ्यांखाली वाकले. एक हात रुळावर टेकलासुद्धा. रूळ तापलेला होता. 'नो! नो, हनी, नो!' म्हातारीनं मोटारीतून उतरून मला दंडाला धरून मागे खेचलं, माझ्यापेक्षा थकलेल्या त्या बाईनं. आम्ही दोघी खडीवर बसलोच. आणि त्याच वेळी मालगाडीला हिसका बसला, चाकं फिरली.

फाटक उघडलं तेव्हा बोट जागेवरच होती. लेक काठावरून पळत येत होती, मागून तो दाढीवाला.

'मी पूर्ण बोट शोधली, आई! हा म्हणतो, शी इज ऑनबोर्ड, शी सेड कमिंग. तेव्हा मला क्लिक झालं. त्याला सांगितलं, आमच्याकडे जाताना येते म्हणतात, बोट थांबव. तो म्हणे, व्हाय?' ती रडत होती आणि ओरडत होती. 'गोइंग म्हणायचं! सिंपल आहे. म्हण, गोइंग!'

'उंबऱ्यातून कसं म्हणू?' मी म्हटलं.

काल पुढच्या गावात दाढीवाल्यानं मिश्कीलपणे विचारलं, 'गोइंग ऑर कमिंग?' लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. 'गोइंग,' मी म्हटलं. बोटीतून काठावर उतरायच्या पुलाच्या शेवटी पोचल्यावर कुणाला ऐकू जाणार नाही असं 'येते' म्हणून घेतलं. पाण्याशी ओटी भरली, नारळ परत आणला. चांगला गोड निघाला.

पण एक गोष्ट मनातून हलत नाही. 'गोइंग' म्हणून मी परत आले. तू दवाखान्यात निघालीस तेव्हा उंबऱ्यात थांबून मला 'येते गं' म्हणाली होतीस. रिक्षात बसतानाही म्हणालीस. मी तुझं अंथरूण कितीतरी दिवस गुंडाळलं नव्हतं.

पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी हे पत्र पुरं होत नाही. शेवटी काय लिहू? 'जाते' तू लिहू द्यायची नाहीस. आणि 'येते' लिहायला हात होत नाही. त्या रुळावरून हात उचलल्यापासून, खरं सांगते, मला तुझ्याकडे इतक्यात यायचं नाही, आई.